विंडोज टाकायची डिस्क लावली की कॉम्प्युटर बंद पडतोय? थेट ‘मदरबोर्ड गेला’ म्हणण्याआधी हे तपासा

गोरेगाव म्हटलं की आधी मुंबई आठवते. पण एक गोरेगाव मराठवाड्यातही आहे. हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात. दहावी-बारावीचे निकाल लागले की अशा गावांमधल्या ऑनलाइन सेवा केंद्रांसमोर गर्दी व्हायला लागते. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाला जातीचं प्रमाणपत्र, कुणाला नॉन-क्रिमिलेअर. ती गर्दी ओसरत नाही तोवर खरिपाच्या पीकविम्याचे अर्ज सुरू होतात. आणि हा सगळा भार असतो एखाद-दोन जुन्या कॉम्प्युटरवर.

समजा ऐन जूनमध्ये त्यातला एक कॉम्प्युटर सारखा हँग व्हायला लागला. यावरचा गावोगावचा ठरलेला उपाय म्हणजे ‘विंडोज मारून घे’. डीव्हीडी घातली जाते, बटण दाबलं जातं, लोगो येतो, खाली ठिपक्यांचं चक्र फिरतं आणि अचानक निळी स्क्रीन. कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट होतो. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच.

इथून पुढे निष्कर्ष फार घाईने काढले जातात. कुणी म्हणतं हार्ड डिस्क गेली, कुणी म्हणतं मदरबोर्ड उडाला. खर्चाचा आकडा काही हजारांत जातो. पण नवं विंडोज टाकायची डिस्कच सुरू होताना कॉम्प्युटर कोसळत असेल, तर ते लक्षण खूप काही सांगून जातं. ते नीट वाचलं तर कित्येकदा घरातल्या खोडरबरावर किंवा नव्याने बनवलेल्या पेन ड्राइव्हवर काम भागतं.

हा प्रश्न सध्या जास्त जणांना पडण्याचं आणखी एक कारण आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. त्यामुळे अनेकजण जुन्या मशीनवर विंडोज ११ किंवा लिनक्स टाकायला बघतायत आणि तिथेच अडकतायत.

डिस्कवरून कॉम्प्युटर सुरू होतो म्हणजे नेमकं काय होतं?

पॉवर बटण दाबलं की सगळ्यात आधी मदरबोर्डवरचा एक छोटा प्रोग्राम जागा होतो. जुन्या मशीनमध्ये त्याला बायोस म्हणतात, नव्यांमध्ये यूईएफआय. तो रॅम, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का ते बघतो आणि मग कुठून सुरू व्हायचं ते ठरवतो. हार्ड डिस्कवरून, डीव्हीडीवरून की पेन ड्राइव्हवरून.

डीव्हीडी किंवा पेन ड्राइव्ह निवडला, तर हार्ड डिस्कवरचं जुनं विंडोज सुरूच होत नाही. इन्स्टॉलेशन डिस्कमध्ये स्वतःचं एक छोटंसं विंडोज असतं. ते उलगडून थेट रॅममध्ये उभं केलं जातं आणि तिथूनच सेटअपची खिडकी दिसते. लिनक्सच्या डिस्कचंही साधारण असंच असतं.

यातून सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कळते. डिस्कवरून सुरू होतानाच कॉम्प्युटर कोसळत असेल, तर त्यात जुन्या विंडोजचा, त्यातल्या व्हायरसचा किंवा उडालेल्या फाइलचा दोष असण्याची शक्यता जवळपास संपते. ते सगळं त्या क्षणी झोपलेलं असतं. मग संशयित उरतात ते एवढेच: डिस्क स्वतः, रॅम, प्रोसेसर, वीजपुरवठा, उष्णता, बायोसची सेटिंग आणि जोडलेली उपकरणं. हार्ड डिस्कही यात येते, पण तिच्यावरच्या विंडोजमुळे नाही, तर जोडलेलं एक उपकरण म्हणून.

म्हणूनच अशा वेळी ‘फॉरमॅट मारून बघू’ हा उपाय बिनकामाचा ठरतो. बिघाड रॅममध्ये असेल तर दहा वेळा फॉरमॅट करूनही तो तिथेच राहणार. डेटा मात्र पहिल्याच वेळी जाणार.

आधी हे बघा: कॉम्प्युटर नक्की कुठे थांबतोय?

‘डिस्क चालत नाही’ एवढं पुरेसं नाही. कुठल्या टप्प्यावर चालत नाही, यावरून तपासाची दिशा बदलते.

• डिस्क लावूनही जुनंच विंडोज उघडतंय: हा बिघाडच नाही. बायोसने डिस्कला पहिला नंबर दिलेला नाही. सुरू करताना एफ१२, एफ९, एफ११ किंवा एस्केप (कंपनीप्रमाणे बटण बदलतं) दाबून बूट मेनू उघडा आणि डिस्क निवडा.

• लोगो येताच किंवा चक्र फिरताना निळी स्क्रीन किंवा रीस्टार्ट: डिस्क, रॅम, प्रोसेसर किंवा बायोस सेटिंग.

• निळी स्क्रीन न येता, दिवा विझावा तसा कॉम्प्युटर बंद: वीजपुरवठा किंवा उष्णता.

• फाइल कॉपी होताना मध्येच एरर: डिस्कवरचे ओरखडे, रॅम किंवा हार्ड डिस्क.

• कॉपी पूर्ण झाली, रीस्टार्ट झाला आणि सेटअप पुन्हा पहिल्यापासून सुरू: इथे काहीच बिघडलेलं नाही. दुसऱ्यांदा ‘कुठलंही बटण दाबा’ असं आलं की बटण दाबायचं नसतं. ते दाबलं की गाडी परत पहिल्या स्टेशनवर येते.

डेटा वाचवायचा असेल तर काय करायचं?

सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरवर लोकांच्या आधारच्या प्रती, सातबारे, फोटो, पावत्या असतात. घरच्या कॉम्प्युटरवर लग्नाचे फोटो असतात. तपासाला हात घालण्याआधी हे बाजूला काढणं हे पहिलं काम.

जुनं विंडोज अजून अधूनमधून उघडत असेल तर लगेच फाइल दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घ्या. उघडत नसेल तर हार्ड डिस्क काढून, साटा-यूएसबी केबलने दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरला जोडा. बिघडलेल्या कॉम्प्युटरवरच कसंबसं कॉपी करत बसण्यापेक्षा हा मार्ग बरा. कारण रॅममध्येच दोष असेल तर कॉपी झालेली फाइलही खराब निघू शकते.

आणखी एक. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असू शकते. बायोसमध्ये बदल केल्यावर तो ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती बहुतेकदा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती हातात नसेल तर बायोसला हात लावू नका.

आता एकेक संशयित तपासू

नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रॅमही पुसली, सेटिंगही बदललं, डिस्कही नवी घेतली आणि कॉम्प्युटर चालू झाला, तर नक्की काय बिघडलं होतं ते कळत नाही. आठवड्याने तोच त्रास परत आला की सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

१. डिस्क

सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणून ही पहिली. तीच डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. तिथेही कोसळली तर दोष डिस्कचा. तिथे चालली तर डिस्क बरीचशी सुटली. बरीचशी अशासाठी, की जुन्या डीव्हीडी ड्राइव्हची लेन्स धुळीने मंद झालेली असू शकते. मग चांगली डिस्कही तिथे वाचली जात नाही.

डीव्हीडीची क्षमताही लक्षात घ्या. साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतात. विंडोज ११ ची फाइल ५ जीबीच्या पुढे जाते. म्हणजे ती साध्या डीव्हीडीवर पूर्ण बसूच शकत नाही. ८ जीबी किंवा त्याहून मोठा पेन ड्राइव्ह घेऊन मायक्रोसॉफ्टच्या साइटवरच्या मीडिया क्रिएशन टूलने नवा सेटअप बनवणं सोपं पडतं. हे काम चांगल्या कॉम्प्युटरवर करा.

डाउनलोड अर्धवट झालं असेल तरी फाइल पूर्ण दिसू शकते. गावात नेट मध्येच तुटतं तेव्हा हे होतं. यासाठी कंपन्या प्रत्येक फाइलसोबत एक ६४ अक्षरी-अंकी ओळ देतात. तिला हॅश म्हणतात. आपल्याकडे उतरलेल्या फाइलचा हॅश काढून तो त्या ओळीशी जुळवायचा. फाइलमध्ये एका अक्षराचा फरक असला तरी सगळी ओळ बदलते, त्यामुळे खोट लपत नाही.

दुकानात मिळणाऱ्या ‘ऑल इन वन’ डिस्कपासून मात्र लांब राहिलेलं बरं. त्यात कुणी काय काढलंय आणि काय घातलंय याचा पत्ता नसतो. काढलेल्या ड्रायव्हरमुळे सेटअप कोसळतो, हा त्यातला लहान धोका. मोठा धोका म्हणजे घातलेला एखादा प्रोग्राम, जो टाइप होणारं सगळं गुपचूप टिपून ठेवतो. ज्या कॉम्प्युटरवर रोज लोकांचे आधार आणि बँक खात्याचे नंबर भरले जातात, तिथे ही जोखीम एकट्या केंद्रचालकाची राहत नाही.

२. या मशीनला हे विंडोज झेपतं का?

कधीकधी कॉम्प्युटर ठणठणीत असतो, पण आणलेलं विंडोज त्याच्यासाठी नसतंच.

विंडोज ११ ला अधिकृतपणे टीपीएम २.०, सिक्युअर बूटची सोय, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. या अटी चुकवून सेटअप चालवायच्या युक्त्या नेटवर भरपूर आहेत. पण २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ या आवृत्तीपासून एक अट चुकवता येत नाही. प्रोसेसरला एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट नावाच्या सूचना कळायलाच हव्यात. इंटेलच्या कोअर टू ड्युओला त्या कळत नाहीत. अशा मशीनवर नवी डिस्क लावली की कॉम्प्युटर सुरूच होत नाही, नाहीतर फिरून रीस्टार्ट होत राहतो. बघणाऱ्याला वाटतं हार्डवेअर गेलं. प्रत्यक्षात हार्डवेअर शाबूत असतं, त्याला फक्त ही भाषा येत नाही.

उलटंही होतं. नव्या मशीनवर जुनं विंडोज ७ टाकायला गेलं तर सेटअप मध्येच कोसळतो, किंवा कीबोर्ड-माउस चालतच नाहीत. कारण नव्या यूएसबी पोर्टचे ड्रायव्हर त्या डिस्कमध्ये नसतात.

तसंच ३२ बिटच्या जुन्या प्रोसेसरवर ६४ बिटची डिस्क चालत नाही.

३. जोडलेलं सगळं काढा

प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन, वेबकॅम, नेटचा डोंगल, जास्तीच्या हार्ड डिस्क. सेटअप सुरू होताना या प्रत्येकाची ओळख करून घेतो आणि त्यातलं एखादं त्याला अडकवू शकतं. फक्त कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर ठेवून पुन्हा प्रयत्न करा. पेन ड्राइव्ह समोरच्या पोर्टमधून काढून मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये लावा.

४. रॅम

सेटअप कोसळण्यात रॅमचा हात बऱ्याचदा असतो, आणि त्याचं कारण वर आलेलंच आहे. इन्स्टॉलेशनचं सगळं छोटं विंडोज रॅममध्येच उलगडलं जातं. त्या फाइल दाबून भरलेल्या असतात. उलगडताना एक जरी अंक चुकला तरी पुढचं सगळं बिघडतं. ‘पण जुनं विंडोज तर चालत होतं’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. रॅमचा खराब तुकडा त्याच्या वापरात क्वचित येत असेल, सेटअपच्या वाट्याला नेमका तोच आला.

आधी पॉवरची वायर काढा. मग पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. रॅमच्या दोन्ही बाजूंच्या क्लिप उघडून ती काढा, सोनेरी पट्ट्या स्वच्छ खोडरबराने हलक्या हाताने पुसा, खोडरबराचा चुरा झटका आणि ‘टक’ असा आवाज येईपर्यंत परत बसवा.

रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकच लावून बघा, मग दुसरी. तीच पट्टी वेगळ्या स्लॉटमध्येही लावून बघा. एका पट्टीसोबत चालतं आणि दुसरीसोबत कोसळतं, तर चोर सापडला. खात्री करायची असेल तर मेमटेस्ट८६+ हा मोफत प्रोग्राम पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चालू ठेवा. त्यात एकही एरर आली तरी ती पट्टी बदलायची. ‘एकच तर आहे’ म्हणून सोडून द्यायची नाही.

५. उष्णता आणि वीज

मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या शेडमधल्या दुकानात तर विचारायलाच नको. त्यात पंख्यावर धुळीचा थर असेल आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सुकलेली असेल, तर सेटअपच्या कामाने प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला कॉम्प्युटर बंद करतो. ओळखायची खूण सोपी आहे. सकाळी थंड असताना सेटअप पुढे जातो, दुपारी लगेच बंद पडतो. ब्लोअरने धूळ उडवा (पंख्याची पाती बोटाने धरून) आणि पेस्ट बदला.

विजेचंही तसंच. व्होल्टेज वरखाली होत असेल किंवा यूपीएसची बॅटरी संपत आली असेल तर ऐन भारात कॉम्प्युटर मान टाकतो. यूपीएस वगळून थेट चांगल्या प्लगवर लावून बघा. तरीही बंद पडत असेल तर दुसरा एसएमपीएस लावून तपासून घ्या. एसएमपीएस घरी उघडू नका. वायर काढल्यावरही आत धोकादायक वीज साठलेली असते. मदरबोर्डवरचे छोटे डबीसारखे कपॅसिटर वरून फुगलेले दिसले, तर मात्र मदरबोर्डवरचा संशय रास्त आहे.

६. बायोसची सेटिंग

काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग ‘डिफॉल्ट’ सेटिंग लोड करून बघा. कुणी कधी वेग वाढवायला ओव्हरक्लॉकिंग केलं असेल तर तेही यात निघून जातं.

घड्याळ दरवेळी जुनी तारीख दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय. तो बहुतेक मशीनमध्ये सीआर२०३२ नावाचा, ३ व्होल्टचा असतो. तो संपला की बायोस आपली सेटिंग विसरतं.

बूट मेनूमध्ये एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसत असेल, एकदा नुसता आणि एकदा ‘यूईएफआय’ शब्दासह, तर एकाने अडलं की दुसरा निवडून बघा. साटा मोड मात्र उगाच बदलू नका, त्याने जुनं विंडोजही उघडायचं थांबू शकतं. बायोस अपडेट करायची वेळ आली तर ज्या दिवशी वीज जायची शक्यता आहे त्या दिवशी करू नका. अपडेट अर्ध्यात तुटलं तर मदरबोर्ड खरोखर जातो.

७. शेवटी हार्ड डिस्क

कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून, हार्ड डिस्कची केबल सोडवा आणि सेटअप सुरू करा. ‘विंडोज कुठे टाकायचं?’ या पानापर्यंत तो विनातक्रार पोहोचला, तर दोष हार्ड डिस्कचा किंवा तिच्या केबलचा. आधी केबल बदला, मग डिस्कचा विचार करा. डिस्क काढूनही तसाच कोसळत असेल, तर तिच्यावर आळ घेणाऱ्याला हा पुरावा दाखवता येतो.

निळी स्क्रीन काय सांगते?

ती दोन सेकंदांत निघून जाते, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ सुरू ठेवा. इंग्रजीत येणाऱ्या शब्दांचा ढोबळ अर्थ असा:

• ‘मेमरी मॅनेजमेंट’ किंवा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’: आधी रॅम तपासा.
• ‘अनसपोर्टेड प्रोसेसर’: हे विंडोज या प्रोसेसरसाठी नाही.
• ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’: डिस्कचा ड्रायव्हर किंवा साटा मोड.
• ‘एसीपीआय बायोस एरर’: बायोस आणि विंडोजचं जुळत नाही. नव्या मशीनवर विंडोज ७ टाकताना ही अनेकदा दिसते.
• ‘ह्विया अनकरेक्टेबल एरर’: प्रोसेसर, उष्णता, वीज किंवा ओव्हरक्लॉकिंग.

दरवेळी वेगळीच एरर येत असेल तर तीही खूणच आहे. सॉफ्टवेअरचा दोष शक्यतो एकाच जागी अडतो. जागा बदलत राहणारा दोष बऱ्याचदा रॅमचा किंवा विजेचा असतो.

विंडोज झेपत नसेल तर?

मशीन चांगलं आहे, पण विंडोज ११ चालत नाही, अशांसाठी लिनक्स हा पर्याय आहे. भारत सरकारच्या सी-डॅकने बनवलेली बॉस लिनक्स मराठीसह भारतीय भाषांना सपोर्ट करते. लिनक्स मिंट, डेबियन, उबुंटू हेही मोफत आहेत. लिनक्सची डिस्क सुरू होताना स्क्रीन काळी पडली तर बहुतेकदा ग्राफिक्सचा घोळ असतो. सुरुवातीच्या मेनूत मिंटमध्ये ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ आणि उबुंटूमध्ये ‘सेफ ग्राफिक्स’ असा पर्याय असतो, तो निवडा. फार जुन्या ३२ बिट मशीनला मात्र पर्याय कमी होत चाललेत. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून त्यांच्यासाठीचा इन्स्टॉलर बंद झालाय.

सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी आधी एक गोष्ट बघावी. अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचा टोकन आणि प्रिंटर लिनक्सवर चालतात का? यातल्या काही उपकरणांचे ड्रायव्हर फक्त विंडोजसाठी असतात. लिनक्स न टाकता, पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवून हे तपासता येतं.

दुकानात न्यायची वेळ आलीच तर

गावात सुटा पार्ट मिळत नाही, त्यासाठी हिंगोली गाठावी लागते. एक फेरी म्हणजे एक दिवस केंद्र बंद. म्हणून कॉम्प्युटर उचलण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहा: कुठल्या टप्प्यावर थांबतो, एररचे शब्द काय, डिस्क दुसऱ्या मशीनवर चालली का, एकेक रॅम लावल्यावर आणि हार्ड डिस्क काढल्यावर काय झालं.

डेटा असलेली हार्ड डिस्क शक्य असेल तर काढून घरी ठेवा. तिच्याशिवायही कॉम्प्युटर कोसळतो हे माहीत असेल, तर दुरुस्तीसाठी ती देण्याची गरज नाही. ‘फॉरमॅट करावं लागेल’ असं कुणी सांगितलं तर एकच प्रश्न विचारा: जे विंडोज सुरूच होत नाहीये, ते पुसून काय फरक पडणार? या प्रश्नाचं सरळ उत्तर देणाऱ्या मेकॅनिककडे कॉम्प्युटर खुशाल सोपवा.